लॉगमधली सगळ्यात वरची ओळ

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या धंद्यात मशीन अडलं की एक तर वायर सुटलेली असते, नाहीतर कुणीतरी शहाणपणा केलेला असतो. तरी हे लिहितोय, कारण मन थाऱ्यावर नाही.

तळवड्यात आमचं छोटं ऑफिस आहे. चाकणच्या कारखान्यांतल्या प्रेस मशीनचे प्रोग्रॅम आम्ही लिहितो. प्रत्येक बदल गिट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कमिट करायचा, म्हणजे छोटा मेसेज लिहून नोंदवायचा; मग कुणी, कधी, काय बदललं ते लॉगमध्ये दिसतं. पण तो लॉग भलताच पसरट... त्या दुपारी जेवण झाल्यावर मी त्याचा फॉरमॅट बदलत बसलो होतो. एका ओळीत नाव, किती वेळापूर्वी, आणि मेसेज. बस्स.

एंटर दाबलं. सगळ्यात वर माझंच नाव. वेळेच्या जागी — 'इन द फ्युचर', म्हणजे अजून न आलेली वेळ. आणि मेसेज: "सेन्सर चालू केला. उशीर झाला."

असलं काही मी लिहिलंच नव्हतं!

"लॅपटॉपचं घड्याळ बघ, भावा," शेजारचा नीलेश वाकून म्हणाला. घड्याळ बरोबर होतं. मग त्याचाच चेहरा उतरला. "राव... काल ट्रायलला सेन्सर बायपास केला होता आपण. परत चालू कुणी केला?"

कुणीच नाही. ट्रायलमध्ये मशीन सारखं थांबू नये म्हणून सगळेच बायपास करतात, आणि निघायच्या घाईत विसरतात. हात आत गेला की प्रेस थांबवतो, तोच हा सेन्सर. आणि त्या प्रेसवर माझा मेहुणा, बाळू.

बाळूला फोन लावला, पण कामगारांचे मोबाईल गेटवरच जमा असतात. सुपरवायझर उचलेना. लॅपटॉप पाठीला लावून बाईक काढली. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अख्ख्या जगाला शिव्या घातल्या. रडूही येत होतं, खोटं कशाला बोलू.

पोचलो तेव्हा बाळू अडकलेला जॉब, म्हणजे पत्र्याचा तुकडा, काढायला प्रेसमध्ये हात घालत होता. मी ओरडलोच.

"काय झालं दाजी? सेन्सर हाय की!"

मी त्याला मागं ओढलं, पुठ्ठा आत सरकवला आणि पेडल दाबायला लावलं. प्रेस थांबली नाही. पुठ्ठ्याचा पापड झाला. बाळूनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

सेन्सर चालू करून तिथंच कमिट केलं. मेसेजमध्ये मी फक्त "सेन्सर चालू केला" एवढंच लिहिलं. लॉग उघडला, तर वर ही एकच ओळ. दुपारची गायब! नीलेशनं ती पाहिली नसती तर मला भास झाला असंच मी धरून चाललो असतो.

जाणकारांनी बरीच कारणं सांगितली, एकही पटलं नाही. बाळू देवाची कृपा म्हणतो आणि मजेत असतो. मला मात्र चैन नाही. ती ओळ माझ्याच नावाची होती ना? मग "उशीर झाला" लिहिताना माझ्यासमोर काय होतं?

बाळू घरी आला की मी अजूनही आधी त्याचे हात बघतो.