न तपासलेली घोंगडी

"हात लावल्याबिगर 'बघितलं' म्हणू न्हाई."

सुकेशनीचं हे बोलणं पेडगावात लहानथोरांना पाठ होतं. वांगी ताजी आहेत असं भाजीवाल्यानं सांगावं, तर ही एकेक वांगं दाबून बघायची आणि वर त्याला हे ऐकवायची. नवरा सिद्धोधन कुलूप लावलं म्हणाला, तरी वाटेतून परत फिरून कुलूप ओढून बघायची. "बाई, मला तेवढं पारखून घेतलंस का?" असं तो चारचौघांत विचारायचा. ती म्हणायची, "तिथंच तर चुकलं. तवा नुसता फोटो बघितला."

हे बोलणं आईकडून आलेलं. आई, लक्ष्मीबाई, मानवतला कापसाच्या वखारीत कामाला होती. गाडीत वरचा कापूस दुधासारखा दिसतो. ओल असते ती पोटात. म्हणून जाणतं माणूस वरून बघत नाही, कोपरापर्यंत हात खुपसतं. लक्ष्मीबाईच्या बोटांना ओल लगेच कळायची. म्हातारीनं लेकीला सोनंनाणं काही दिलं नाही, ही बोटं दिली.

लेक बारा वर्षं होमगार्ड होती. जत्रा असो, परीक्षा असो, निवडणूक असो, बोलावणं आलं की खाकी चढवून निघायची. पुढाऱ्यांच्या सभेला बायकांच्या दारावर हमखास तीच. रानातून थेट आलेल्या बायकांच्या कमरेला खुरपी निघायची, मिसरीच्या डब्या निघायच्या. खुरपी ती बाजूला ठेवून घ्यायची आणि सभा सुटल्यावर न विचारता जिची तिच्या हातात द्यायची. एकदा एका पुढाऱ्याची बायको तिच्यावर डाफरली, "मला वळखत न्हाईस का गं?"

"वळखते की बाईसाहेब. म्हणून तर हळू तपासायले."

तर अशी ही बाई. आणि तिच्याच दारातून ती गोष्ट आत गेली.

गेल्या माघात मानवतच्या अलीकडं मैदानावर मंत्र्यांची सभा होती. बायकांच्या दारात धातू ओळखणारी चौकट उभी केली होती. पण जोडवी, पैंजण, पाटल्या घातलेल्या बायका, त्यामुळं चौकट येणाऱ्या प्रत्येकीवर ओरडायची. तासाभरात तिच्या ओरडण्याकडं कोणी कान देईना. सुकेशनीचे हात तेवढे चालू होते.

दुपार कलली तेव्हा भागवत लगबगीनं आला. सभेची सगळी जुळवाजुळव त्याच्याकडं, गळ्यात उपरणं, कानाला फोन. त्याच्यामागं भिवराबाई, मेंढरं राखणाऱ्या घरातली, सत्तरीची. तिनं दोन्ही तळव्यांवर काळी घोंगडी धरली होती, घडी केलेली, वर भंडारा उधळलेला. त्यांच्यात मोठ्या पाहुण्याला घोंगडी पांघरून मान देतात. या घोंगडीची लोकर म्हातारीनं स्वतः कातलेली.

चौकट ओरडली. सुकेशनीनं हात पुढं केला. भिवराबाई एक पाऊल मागं सरली.

"हात लावू नकू माय. देवापुढून आणलीय."

सुकेशनीचा हात हवेतच थांबला. असलं वाक्य तिनं लहानपणापासून ऐकलेलं होतं, विहिरीवर, लग्नाच्या मांडवात, कधी प्रेमानं, कधी खेकसून. हे सगळ्याच हातांना म्हणाली, की ह्याच हाताला? छातीवरच्या पाटीवर तिचं नाव होतं, आडनाव होतं. म्हातारीला वाचता येत असेल असं वाटत नव्हतं. पण वाचता येत नसलेल्या माणसांनाही हे कळतं, हा तिचा अनुभव.

"ताई, सत्काराचं सामान हाय ते," भागवत घाईनं म्हणाला. "साहेब स्टेजवर चढायलेत. सोडा."

शेजारी फौजदार भुजंगराव उभे होते. त्यांनी मान न वळवता हात हलवला. "जाऊ द्या, जाऊ द्या. सत्काराचं काय तपासायचं?"

आजी, मी हात लावत न्हाई, तुमीच घडी मोडून दाखवा. एवढं म्हणता आलं असतं. हे वाक्य तिला पुढं शंभरदा सुचलं. त्या वेळी मात्र ते सुचलं नाही. तिनं हात मागं घेतला आणि घोंगडी आत गेली.

पुढचं तिनं लांबूनच पाहिलं. स्टेजवर भागवतनं म्हातारीच्या हातातून घोंगडी ओढून घेतली आणि फोटोवाल्याकडं बघत एका झटक्यात झाडली. घडीतून लोकर कातरायची वीतभर कातर निसटली आणि थेट मंत्र्यांच्या पायावर पडली. अंगठ्यातून रक्त आलं. अंगरक्षकांनी साहेबांना खाली दाबलं, माईकचा दांडा आडवा झाला, पुढच्या रांगा उठून पळत सुटल्या. त्या गोंधळात भिवराबाई हात जोडून ओरडत होती, "नजर लागू नये म्हणून ठिवली रं बाबा! आधी ती काढायची, मग पांघरायची असती!"

तिच्या घरची रीतच तशी होती. बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवतात, तसं नव्या घोंगडीच्या घडीत लोखंड ठेवायचं. देणाऱ्यानं ते आपल्या हातानं काढून घ्यायचं आणि मग घोंगडी खांद्यावर घालायची. भागवतनं तिला काढूच दिलं नाही. साहेबांना राखायला ठेवलेलं लोखंड साहेबांच्याच पायावर पडलं. दीडशे पोलीस होते मैदानात. तेही राखायलाच आलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकेशनीला ठाण्यात बोलावलं. भिवराबाई व्हरांड्यात बाकावर बसवलेली होती. आत भुजंगरावांनी कागद तयारच ठेवला होता. शेजारच्या खुर्चीत भागवत.

"सही करा ताई. 'घोंगडी उघडून तपासली, काही आढळलं नाही.' तुमच्यावर काय येत न्हाई."

"मग कातर आत गेली कशी?"

"दार ओलांडल्यावर घातली असंल. म्हातारीनं, न्हाईतर तिच्या माणसांनी. त्यांना कोण पढवलं ते आमी हुडकू."

सुकेशनीला सगळं समजलं. सही केली तर खाकी राहणार, आणि म्हातारीचं नजरेचं लोखंड कट होऊन बसणार. नाही केली तर दार आपलं, चूक आपली.

तिच्या मनात आलं, हिनंच माझा हात अडवला. मी का मरू हिच्यासाठी? असं आलं होतं, हे तिनं पुढं कोणापासून लपवलं नाही. उघड्या दारातून तिनं बाकाकडं बघितलं. म्हातारी बसल्या जागी बोटं चोळत होती, सूत कातल्यासारखी.

"साहेब, मी हात लावला न्हाई," ती म्हणाली. "आजी लावू नकू म्हणल्या, ह्यांनी सोडा म्हणलं, तुमी जाऊ द्या म्हणलात, आन मी सोडलं. असं लिव्हा. मी सही करते."

"डोकं ठिकाणावर हाय का? खाकी जाईल अंगावरची."

"हात लावल्याबिगर बघितलं म्हणू न्हाई."

हे वाक्य तिनं एवढ्या हलक्या आवाजात याआधी कधी म्हटलं नव्हतं.

भागवतला न वाजलेला फोन आला, तो उठून बाहेर गेला. भुजंगरावांनी तयार कागद बाजूला सारला. मग दुसरा कोरा ओढला आणि ती सांगेल तसं लिहीत गेले. 'जाऊ द्या'पाशी पेन थांबलं. तिला वाटलं, आता फाडतील. पण त्यांनी तेही लिहिलं, मान वर न करता.

दुपारी भिवराबाईला घरी जा म्हणाले. कातर ठेवून घेतली, घोंगडी परत दिली. सुकेशनीनं टोपी, शिट्टी, पट्टा टेबलावर ठेवला. राजेश्री नावाच्या शिपाईबाईनं ते उचललं आणि पट्ट्याची नीट गुंडाळी केली.

बाहेर पायरीवर म्हातारी उभीच होती. दार उघडं होतं, तिनं सगळं ऐकलं असणार. कालच्यासारखी घोंगडी दोन्ही तळव्यांवर धरून तिनं पुढं केली.

"बघ माय."

कालचं ते देवासाठी होतं की माझ्यासाठी, हे सुकेशनीनं विचारलं नाही. ती पायरीवर बसली, घोंगडी मांडीवर घेतली आणि एकेक घडी मोडत गेली. काठावरून बोटं फिरवली, दशा चाचपल्या. लोकर खरखरीत होती, तिला मेंढरांचा वास होता. बोटांना भंडारा लागला. मग जशी होती तशी घडी घालून तिनं ती परत दिली.

"काय न्हाई आत. जावा आता."

"बघितलंस ना?"

"बघितलं."

आणि ती उठून एसटी स्टँडच्या रस्त्याला लागली. साध्या पावलानं, मागं न बघता. ठाण्याच्या दारातून राजेश्री बघत होती, तिला कोणीतरी हाक मारली आणि ती आत गेली. भिवराबाई मात्र घोंगडी उराशी धरून, रस्ता वळेपर्यंत सुकेशनीकडं बघत उभी होती.