शेवाळवाल्यांची खोली

शेवाळ विभागाचे शिपाईकाका तीस वर्षं रद्दी पेपरांच्या घड्यांत शेवाळाचे नमुने वाळवत आले. नवं यंत्र, नवा पंखा, सगळं समोरच्या जनुकवाल्यांना. त्यांची मोडकी कपाटं तेवढी इकडे पाचवीला पुजलेली. "आम्ही काय सवतीची पोरं?" काका करवादायचे.

एक दिवस मोठे साहेब हसत आले. "काका, कोणत्या शास्त्रावर कसा अन्याय होतो, यावर मोठं संशोधन मंजूर झालंय!"

उशिरा का होईना, लाज वाटली म्हणायची, काकांच्या मनात आलं.

"त्या संशोधकांना बसायला जागा हवी. ही खोली आजच रिकामी करा."

काकांनी किल्ली टेबलावर आपटली.

"दारावरची आमची पाटी तेवढी राहू द्या, साहेब. पुरावा शोधायला त्यांना लांब जायला नको."