विरजण कोणी लावलं

कुंदा तायडे वाईट बाई नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तिचा राग येणार आहे.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात जिवाणूंकडून प्लास्टिक बनवून घेणारी छोटी कंपनी आहे. साखर कारखान्यातून उसाची मळी येते, ती पातळ करून टाकीत भरतात आणि तीत जिवाणू सोडतात. हे जिवाणू साधेसुधे नव्हेत. त्यांच्यात बाहेरून एक जनुक घातलेलं आहे, त्यामुळे ते मळी खातात आणि अंगात प्लास्टिकचे बारीक दाणे साठवतात, माणसाच्या अंगावर चरबी चढावी तसे. दोन दिवसांनी जिवाणू फोडायचे, दाणे काढायचे, त्यांच्या पिशव्या करायच्या. पिशवी मातीत पुरली की काही महिन्यांत तिचीच माती होते. कुंदा चारकोपहून दोन बस बदलून इथे यायची. माहेर बुलढाण्याकडचं, शिक्षण बारावी सायन्स, वय अठ्ठेचाळीस. कंपनी सुरू झाली तेव्हा मालक नंदकिशोर सर, एक टेबल आणि कुंदा, एवढाच संसार होता.

पहिल्याच आठवड्यात सरांनी तिला समजावलं होतं, की आधी छोट्या बाटलीत जिवाणू वाढवायचे आणि मग ती बाटली टाकीत ओतायची. कुंदा म्हणाली होती, "म्हणजे विरजणच की, सर." सर हसले, पण शब्द चिकटला. पुढे बॅचचे कागद छापले तेव्हा त्यांनी तसा रकानाच करून घेतला, 'विरजण कोणी लावलं'. सहा वर्षांत तीस बॅचेस झाल्या आणि तिसांच्या तिसांवर त्या रकान्यात कुंदाचं नाव होतं. घरच्या वीजबिलावर तिचं नाव नव्हतं, दारावरच्या पाटीवरही नव्हतं. इथे होतं.

मग शीतल कारखानीस आली. मुलुंडची, सव्वीस वर्षांची, एमएस्सी. पहिल्याच दिवशी गेटवरच्या बाळाने तिला सलाम ठोकला, "या मॅडम, इकडून या." सहा वर्षं हाच बाळा कुंदाला "काय मावशी, डब्यात काय?" विचारत आला होता. हा तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, आणि ही मावशी! कुंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण तो बाळावर नव्हे, शीतलवर.

खरं तर पोरगी गुणी होती. तेच तर दुखणं होतं. आळशी असती, आखडू असती, तर कुंदाने तिला सुखाने नावं ठेवली असती. ही आल्याआल्या "कुंदाताई" म्हणायला लागली, डब्यातल्या ठेच्याची चव घेऊन डोळ्यांत पाणी आलं तरी "झकास" म्हणाली. सरांशी ती फाडफाड इंग्रजीत बोलायची आणि बोलता बोलता कुंदाकडे वळून मराठीत सांगायची, म्हणजे कुंदाला आपण बाहेरच्या आहोत असं वाटू नये. आणि कुंदाला नेमकं तेव्हाच तसं वाटायचं.

"तुझ्या का पोटात दुखतं?" नवरा धोंडिराम एकदा म्हणाला. "लेकीच्या वयाची पोर ती."

"लेक असती तर दुखलं नसतं," कुंदा म्हणाली आणि भाकरी जरा जास्तच जोरात थापली.

आता बाटलीतल्या औषधाचं सांगायला हवं. प्लास्टिक साठवणं हे जिवाणूला ओझंच. संधी मिळाली की काही जण ते जनुक टाकून देतात, हलके होतात आणि ओझं वाहणाऱ्यांना मागे टाकून भराभरा वाढतात. अशा कामचुकारांना मारायला विरजणाच्या बाटलीत एक औषध घालतात; जनुक असलेल्यांना ते बाधत नाही. पण औषध मोठं नाजूक. जिवाणूंच्या खाद्याची बाटली निर्जंतुक होऊन वाफेच्या कुकरमधून निघते ती कढत असते. ती निवण्याआधी औषध टाकलं तर ते मरतं, आणि मेलेलं औषध काही दिसत नाही. कुंदाची रीत अशी, की बाटली आधी चांगली घुसळायची, मग मनगटाच्या आतल्या बाजूला लावायची, तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी बघावं तशी. मनगटाने हो म्हटलं की औषध, आणि पुरती निवल्यावर जिवाणू. शीतलने दोनदा विचारलं होतं, "ताई, हे मला शिकवा ना." कुंदा दोन्ही वेळा म्हणाली, "सवय आहे गं, त्यात शिकवण्यासारखं काय?"

एकतिसावी बॅच मोठी होती. पाचशे लिटरची नवी कोरी टाकी आली होती. एका रोपवाटिकेला रोपं लावायच्या पिशव्या हव्या होत्या, पिशवीसकट खड्ड्यात ठेवता येतील अशा. नमुना पसंत पडला तर वर्षभराचं काम मिळणार होतं. त्या सोमवारी सर सहज म्हणाले, "कुंदाताई, या वेळी विरजण शीतलला लावू द्या. तिचाही हात बसेल."

कुंदा "हो सर" म्हणाली. आत मात्र भडका उडाला. सहा वर्षं बीळ खणलं मी, आणि आयत्या बिळावर हा नागोबा! तीसच्या तीस लहान टाक्या माझ्या, आणि मोठी आली तर हिची. शीतलचे हातमोजे, शीतलची नीट बांधलेली वेणी, काही काही बघवेना तिला.

शीतलने बाटली कुकरमधून काढली, पंख्याखाली ठेवली आणि थोड्या वेळाने तापमापकाची बंदूक काचेवर रोखली. आकडा बरोबर आला. पण पंख्याने निवली होती ती नुसती काच. बाटली घुसळलेली नव्हती, पाणी आत कढतच होतं. कुंदाला बाटलीच्या गळ्याशी वाफेचे थेंब दिसले. चार पावलांवर उभी होती ती. शीतलने औषधाची नळी उचलली, थांबली आणि वळून म्हणाली, "ताई, बरोबर आहे ना?"

सांगायला काय लागलं असतं? दोन शब्द. "घुसळ आधी."

"तू एवढी शिकलेली," कुंदा म्हणाली, "मला काय विचारतेस?"

शीतलने औषध टाकलं. कुंदा मूग गिळून टेबल पुसत राहिली. टेबल स्वच्छच होतं.

दुसऱ्या दिवशी बाटली टाकीत ओतली गेली. सगळे गोळा झाले, फोटो निघाले. कुंदा मागे नळाशी काचा धूत बसली. बॅचचा कागद तिच्या टेबलावरून पुढे गेला तो तिने वाचलाही नाही. त्या रकान्यात दुसरं नाव बघायचं नव्हतं तिला. पुढचे दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. कधी वाटायचं, होऊ दे फजिती. कधी वाटायचं, औषध वाचलंही असेल थोडं. सांगून टाकावं असंही एकदा वाटलं. तेवढ्यात बाळा "मॅडम, कुरियर" म्हणत शीतलकडे गेला आणि कुंदाने तोंड मिटलं.

गुरुवारी सकाळी सरांनी टाकीतला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बराच वेळ बघत राहिले. मग कुंदाला म्हणाले, "तुम्ही बघा."

तिने डोळा लावला. जिवाणू भरपूर होते, खच्चून भरलेले. पण पोटं रिकामी. शंभरात पाच-सहांच्या अंगात दाणे चमकत होते. बाकी सगळं पोचट, पाऊस हुकलेल्या ज्वारीसारखं. पाचशे लिटर पोचट.

"विरजणाला औषध लागलं नाही," सर म्हणाले. त्यांनी बॅचचा कागद ओढला, बघितलं, आणि चमकून वर पाहिलं. "कुंदाताई, हे तुम्ही लावलं?"

कागदावर 'विरजण कोणी लावलं' या रकान्यात शीतलच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'कुंदा तायडे'. खाली बारीक अक्षरात, 'मदत: शीतल'.

"नाही सर, मी लावलं," शीतल पुढे आली. "नाव मी लिहिलं. पहिल्या मोठ्या टाकीवर ताईंचंच नाव हवं असं वाटलं मला. शब्दही त्यांचाच आहे ना. चूक माझी आहे सर, त्यांचं नाव खोडते मी." तिने पेन उघडलंसुद्धा.

कुंदाला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली, की तिथेच जमीन दुभंगावी. ज्या नावासाठी तीन दिवस जळली, ते नाव तिथे होतंच. ज्या पोरीवर जळली, तिनेच ते लिहिलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या लाजेतही तिला हेवाच वाटला. डिगरीचा नव्हे. इतकं सरळ मन हिला कुठून मिळालं, याचा.

तिने शीतलचा हात धरला. "खोडू नको. असू दे." मग सरांकडे न बघता म्हणाली, "पाणी आत कढत होतं. मला दिसलं होतं, सर. हिने मला विचारलंही होतं. मी बोलले नाही."

सरांनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि रोपवाटिकेला फोन करायला बाहेर गेले. शीतलने पेनाचं टोपण लावलं. तिने विचारलं नाही, 'का?' विचारलं असतं तर बरं झालं असतं.

टाकीतली जनुक घातलेली ती फौज अशीच गटारात सोडता येत नाही. वाफ सोडून पाचशे लिटर मारावं लागलं. संध्याकाळपर्यंत दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून ते करत होत्या.

रोपवाटिकेने दोन आठवडे मुदत दिली. सरांनी कुंदाला काढलं नाही. एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी तिला शिकवा."

सोमवारी कुंदाने बाटली काढली, दोनदा घुसळली आणि शीतलचा हातमोजा मागे सारून तिच्या मनगटाला लावली. "चटका बसतो? मग थांब. पुन्हा घुसळ. असं, नुसतं ऊन लागेपर्यंत." शीतल नीट ऐकत होती. तिने घुसळलं, मनगटाला लावलं, पुन्हा घुसळलं. मग औषधाची नळी उचलली.

"आता टाकू का, मॅडम?" तिने विचारलं.

गेली सहा वर्षं कुंदाला त्या गाळ्यात कोणीतरी मॅडम म्हणावं असं वाटत होतं.

"टाक," ती म्हणाली.