नाण्यावरची बाई

हा किस्सा चारचौघांत सांगू नकोस, असं बायकोनं बजावलेलं आहे. पण आता चहा सांगितलाच आहे, आणि दुसऱ्याची फजिती ऐकायला कुणाला आवडत नाही? तर ऐका. फक्त संपल्यावर मला काही बोलू नका. बोलायचं ते मी स्वतःला बोलून झालंय.

नगरात माझं चष्म्याचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. कुणाला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे सांगण्यावर माझं घर चालतं. आणि नाण्यांचा नाद मला लावला गायकवाड सरांनी. शाळेत ते आम्हाला भूगोल शिकवायचे. नकाशा भरायला लावला की माझ्या वहीत गोदावरी हमखास अरबी समुद्राला मिळायची, तरी त्यांनी मला कधी हाकललं नाही. मूळचे देवळाली प्रवऱ्याचे, निवृत्तीनंतर इथं नगरातच सावेडीला राहायला आले.

आता नाण्यांचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर माझा गाढवपणा तुम्हाला पुरता कळणार नाही. टांकसाळ काही नाणी बाजारात चालवायला नाही, आमच्यासारख्या येड्यांसाठी पाडते. त्यांचं मैदान, म्हणजे चित्रामागची मोकळी जागा, आरशासारखं लख्ख. नाणं चांगलं निघालं तर वरचं चित्र दुधासारखं पांढरं, किंचित खरबरीत येतं. उजेडात कलतं धरलं की मागचा आरसा काळाभोर होतो आणि चित्र पांढरंशुभ्र उठतं. याला म्हणतात कॅमिओ.

दुसरी गोष्ट ग्रेड. जाणकार लोक भिंगाखाली डाग आणि ओरखडे तपासतात, सत्तरपैकी मार्क देतात आणि नाणं पारदर्शक डबीत कायमचं बंद करून वर मार्कांची चिठ्ठी लावतात. गोची अशी, की मार्क भरपूर असलेल्या नाण्यात कधी चित्रही आरशासारखंच चकाकतं, म्हणजे चकचकीतावर चकचकीत. आणि काळ्यावर पांढरं झकास असलेल्याला मार्क कमी पडलेले असतात. मग घ्यायचं कोणतं?

यावरून सरांचं आणि माझं वर्षानुवर्षं वाजायचं. सर म्हणायचे, “सलीम, कॅमिओ म्हणजे तोंडाला लावलेली पावडर. ग्रेड म्हणजे वागणूक. तू पावडर बघून मुलगी पसंत करणारा माणूस आहेस.”

“सर, नाणं बघायला घ्यायचं का प्रगतिपुस्तक वाचायला?”

“प्रगतिपुस्तक तुझं मी पाहिलंय,” सर म्हणायचे, आणि वाद तिथं मिटायचा.

त्यांच्याकडे एका खास नाण्याच्या दोन प्रती होत्या. नाण्याच्या एका बाजूला आपले नेहमीचे सिंह, दुसऱ्या बाजूला पिकात उभी असलेली शेतकरी बाई. एक प्रत एकोणसत्तर मार्कांची, पण चकचकीतावर चकचकीत. दुसरी पासष्टची, गालाजवळ एक बारीक डाग, पण काळ्यावर पांढरी बाई अशी उठायची की बस. सरांना या बाईचं फार. त्यांची आई उसाच्या खुरपणीला जायची. तिचा एकही फोटो नाही. “या बाईची हनुवटी आमच्या आईची आहे,” असं ते म्हणायचे आणि लगेच विषय बदलायचे.

मग सरांची साखर डोळ्यांवर उतरली. पडदे खराब झाले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेलं परत येणार नाही आणि उरलेलं किती टिकेल याचा भरवसा नाही. चष्म्याचा नंबर वाढवून काही होणार नव्हतं. ते त्यांना समजावून सांगणारा मीच होतो. मीच म्हणालो, “सर, फिकट फिकटात मिसळून जाईल. गडद आणि पांढरं तेवढं शेवटपर्यंत दिसत राहील. काकूंना चहा पांढऱ्या कपात द्यायला सांगा.” बघा, किती हुशार माणूस.

सरांनी संग्रह वाटायला काढला. हे याला, ते त्याला. माझ्यासमोर त्या दोन डब्या ठेवल्या आणि म्हणाले, “एक तू घे, एक माझ्याजवळ राहू दे. डोळे आहेत तोवर बघत बसेन. आधी तू निवड.”

आता तुम्ही सांगा, सर कोणत्या तोंडानं म्हणणार होते की ती काळी-पांढरी मला ठेव? जन्मभर ग्रेड ग्रेड करून माझं डोकं खाल्लेला माणूस. आणि पाहुण्याला आधी निवडू द्यायचं, ही त्यांची रीत. सणाला घरी गेलं तरी करंज्यांचं ताट आधी माझ्यापुढे यायचं.

मी विचार केला, सरांना ग्रेड प्यारी. एकोणसत्तर त्यांनाच राहू दे. आपण मन मोठं करावं आणि पासष्टवर समाधान मानावं. मला पहिल्यापासून तीच हवी होती, हा भाग वेगळा. मी डबी उचलली. सरांनी उरलेली डबी हळूच स्वतःकडे ओढली. मग म्हणाले, “छान निवडलंस.”

मला वाटलं, सर गहिवरले.

पुढे काय विचारता! नाणीवाल्या मित्रांच्या बैठकीत मी ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. वरची ग्रेड सरांना सोडली म्हणून. एक जण म्हणाला, “सलीमभाई, आजकाल एवढं कोण करतं?” मी नम्रपणे मान खाली घातली. शाल-श्रीफळ द्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं लोकांनी.

पण घरी नाणं बघताना तो पासष्टचा आकडा डोळ्यांत खुपायला लागला. होय, मलाच! पावडर पावडर म्हणून चेष्टा सोसलेल्या मला. तो गालाजवळचा डाग गेला तर आणखी दोन मार्क सहज वाढतील, असं मनानं घेतलं. दुकानात दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. पक्कड घेतली, डबी फोडली, आणि समोरच असलेलं काचा पुसायचं पाणी नि मऊ फडकं घेऊन, सकाळपासून रात्रीपर्यंत जे करतो तेच केलं. पुसलं.

काच पुसली की स्वच्छ होते. नाण्यावरची ती दुधाळ पांढरी झाक पुसली की निघून जाते. डाग होता तिथंच राहिला. बाईचा गाल आणि हनुवटी मात्र लख्ख चकाकायला लागली, आणि तेवढ्या जागी तोंडच उरलं नाही.

मी ती रुमालात गुंडाळून खणात टाकली. बायको म्हणाली, “सरांना सांगा.” मी म्हणालो, “त्यांना कशाला त्रास? त्यांच्याजवळ चांगली आहे.”

काही आठवड्यांनी सरांच्या चष्म्याची दांडी घट्ट करायला गेलो. सर व्हरांड्यात उन्हाला बसलेले, हातात एकोणसत्तरची डबी, तिला अशी कलती कर, तशी कलती कर. मी खूश होऊन काकूंना म्हणालो, “सरांचा जीव आहे नाण्यावर.”

काकू मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या नि हळू आवाजात म्हणाल्या, “जीव कसला भाऊ. रोज इचारतात, डबीत नानं हाय ना? रिकामी तर न्हाई? सगळं नुसतं चमकतं म्हनतात. त्या दुसऱ्यात त्यांना आई दिसायची. तुमी ती नेली, त्या दिवशी जेवले न्हाईत.”

“मग बोलले का नाहीत?”

“पोरानं हौसेनं उचललंय, म्हनले. तुमी काय कोनाला सांगू नका बरं.”

कोणाला सांगतो! गडद आणि पांढरं शेवटपर्यंत दिसेल, हे ज्ञान देणारा मी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला त्या खोलीतून मागच्या दारानं पळून जावंसं वाटलं. पण माझी चप्पल पुढच्याच दाराशी, सरांच्या चपलेशेजारी होती.

खरं सांगायची हिंमत झाली नाही. ठरवलं, तसंच दुसरं नाणं आणून द्यायचं. पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडे लगेच सापडलं. काळ्यावर पांढरं असं की बघतच राहावं. पण ग्रेड चौसष्ट. आता हसू नका. मी म्हणालो, सरांना चौसष्टचं कसं द्यायचं? एवढ्या ग्रेडच्या माणसाला? थांबू, दोन्ही चांगलं असलेलं मिळेल. ज्या माणसाला चिठ्ठीवरचा आकडा वाचता येत नव्हता, त्याच्यासाठी मी आकडा शोधत थांबलो. व्यापारी फोन करायचा, हे बघा, ते बघा. मी म्हणायचो, कॅमिओ ठीक आहे हो, पण ग्रेड? सरच माझ्या तोंडून बोलत होते म्हणा ना.

असा अख्खा उन्हाळा गेला. शेवटी मिळालं. एकोणसत्तर आणि काळ्यावर पांढरं, दोन्ही. मी पुण्याहून येताना खिशावरचा हात काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सावेडीला गेलो. सर व्हरांड्यातच होते, बरेच वाळलेले. ऊन चांगलं पडलं होतं. पायाशी वेताच्या मोड्यावर बसलो आणि डबी त्यांच्या हातात दिली.

“सर, तुमची बाई आणली परत.”

सरांनी डबी डोळ्यांसमोर धरली. सवयीनं कलती केली. बराच वेळ धरून बसले. मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होतो.

“वा,” सर म्हणाले. “काय पांढरी उठलीय रे. आणि हनुवटी बघ. आमची आईच.”

मला रडू आलं. खरंच आलं, लाज कसली? त्यांनी ग्रेड किती आहे तेही विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. मला वाटलं, आनंदात विसरले. मी चहा घेतला, दोन बिस्किटं जास्त खाल्ली, आणि पाप फिटलं असं समजून उठलो.

फाटकापर्यंत काकू आल्या. मी म्हणालो, “काकू, बघितलंत ना, कसे खूश झाले?”

काकू पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, “पंधरवडा झाला भाऊ, त्यांना दिवस हाय का रात हाय तेबी कळंना. तुमाला वाईट वाटू ने म्हनून बोलले. पन तुमी डबी उलटी दिल्ती. त्यांच्याकडं सिंव्ह हुते. बाईचं तोंड सगळा येळ तुमच्याकडं हुतं.”

हातभर अंतरावर, लख्ख उन्हात, काळ्यावर पांढरी. आणि डोळे शाबूत असलेल्या मला ती दिसली नव्हती.