पियुषला हात काढता येऊ लागले

हुडकेश्वरच्या एका फ्लॅट स्कीममध्ये, तिसऱ्या माळ्यावर, एक महान कलावंत राहत होता. महान असल्याचं त्यानं स्वतःच इन्स्टाग्रामवर लिहून ठेवलं होतं, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. नाव पियुष. त्याच्या वेबकॉमिकचं नाव ‘खालचा माळा’, आणि त्यातली गोष्ट आणि बोलणं लिहायची त्याची अकरावीतली बहीण, रोशनी.

सुरुवातीला पियुषला हात काढता येत नसत. बोटं काढायला गेला की भेंडीची जुडी व्हायची. म्हणून कॉमिकमधले सगळे पुरुष हात खिशात घालून फिरत, आणि तळमजल्यावरच्या यमुताईंचे हात कायम पदराखाली. डोकं म्हणजे बटाटा, डोळे म्हणजे दोन टिंबं. असली माणसं करणार काय? उभी राहून बोलणार. अर्धी चौकट बोलण्यालाच मिळायची. रोशनी जिन्यात थांबून खऱ्या यमुताईंचा आवाज कानात भरून आणायची आणि पाण्याच्या टँकरवरचं भांडण श्वासासकट उतरवायची. लोक लोळून हसायचे. खुद्द यमुताई दर रविवारी, लिफ्ट कायम बंद म्हणून, गुडघे धरत तीन माळे चढून यायच्या आणि स्वतःचं भांडण स्वतःच मोठ्यानं वाचायच्या.

मग पियुषनं टॅबलेट घेतला आणि यूट्यूबवर हात शिकला. शिकला म्हणजे पिसाळलाच. यमुताईंचा हात खिडकीच्या गजावर. तोच हात, जवळून. त्या हातावर मावळतीचा उजेड. यमुताईंना कंबर आली, जबडा आला, भर मे महिन्यात, पान हलत नसताना, केस उडू लागले. टँकर गेला, एकटेपणा आला. रोशनीच्या दोन पानी भांडणातून त्यानं एक शब्द ठेवला. ‘हं.’

बाकीचं कुठं गेलं, म्हणून तिनं विचारलं, तर त्यानं चष्मा काढला, टीशर्टाच्या कडेला पुसला आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाला, “पहिले स्टाइल कच्ची होती, म्हणून बोलावं लागे. आता चित्रच बोलून राहिलं. तुले नाही समजणार.”

हे सगळं, चष्मा पुसण्यासकट, रोशनीनं आईला स्वयंपाकघरात करून दाखवलं. हसता हसता आईची तव्यावरची पोळी करपली.

पण रविवारी यमुताई आल्या आणि त्या सुंदर बाईकडे बघतच राहिल्या.

“हे कोन वं?”

“तुम्हीच, काकू.”

“मंग बोलून काहून नाही राहिली? तोंड आलं का इले?”

पुढच्या रविवारी त्या आल्याच नाहीत. रोशनीचं हसू तिथं संपलं. ती लिहायची ते या एका बाईनं मोठ्यानं वाचावं म्हणून. बाईच वर येणार नसेल, तर लिहायचं कोणासाठी?

पियुषची एक सवय होती. तो फक्त पहिली चौकट वाचायचा आणि उरलेलं ‘फील’ करायचा. रोशनीनं नव्या भागाची पहिली चौकट त्याच्या आवडीची लिहिली: लिफ्टचं बटण, त्यावर यमुताईंचं बोट. बोट म्हटल्यावर गडी खूश. लगेच इन्स्टाग्रामवर जाहीर करून बसला की येत्या रविवारी त्याचं आजवरचं सर्वात खोल काम येतंय.

मग त्यानं पुढचं वाचलं. दुसऱ्या चौकटीत लाइट जाते, यमुताईंच्या भाषेत ‘लाइन’ जाते. लिफ्टमध्ये यमुताई आणि सोसायटीचे सेक्रेटरी देवाजी अडकतात, आणि शेवटपर्यंत अंधारात भांडतात.

“यात मी काय काढू?”

“काळं,” रोशनी म्हणाली.

आता जाहीर केलेलं गिळता येईना. अख्खी संध्याकाळ तो काळा रंग निवडत बसला. हा काळा जरा थंड आहे, त्या काळ्यात वेदना आहे. रोशनीनं गंभीरपणे मान डोलावली आणि त्या वेदनेवर कडेपासून कडेपर्यंत भांडण पसरवलं.

रविवारी जिन्यात चपला वाजल्या. यमुताईंनी सगळं वाचलं, देवाजींचा आवाजही स्वतःच काढला, आणि एका शिवीवर थांबून रोशनीला सांगितलं की यापेक्षा बरी शिवी त्यांना येते.

पियुष चष्मा पुसत पुढे झाला. काळा कसा वाटला, त्यानं विचारलं.

यमुताईंनी फोन डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

“लाइन गेली होती ना गा,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागल्या.