टीव्हीतल्या बाईचं हळदीकुंकू

आमची आत्या टीव्हीशी भांडायची. मालिकांशी भांडणाऱ्या बायका आमच्या पोखर्णी गावात घरोघर सापडतील. आत्याचं वाकडं होतं ते मांजर-उंदरांच्या जुन्या कार्टूनशी. नवरा गेल्यावर ती आमच्याकडेच राहायला आली, तेव्हापासून आतली खोली तिची आणि तिथला टीव्हीही तिचाच. कार्टूनमधल्यांची बाजू घेऊन ती इतकी भांडायची की गावानं तिला ‘वकील आत्या’ नाव ठेवलं.

बॉम्ब फुटून मांजराचं तोंड काळं झालं, की आम्ही भावंडं खदाखदा हसायचो. आत्या रंगानं काळी. ती म्हणायची, “काळं तोंड म्हंजी हसायची गोष्ट हाय व्हय? मग मी रोज सकाळी आरशात बघून हसतच बसू का?” पगडीवाला माणूस दिसला की त्याच्या हातात पुंगी आणि पुढ्यात साप ठरलेला. त्यावरही तिची हरकत होती. “आपल्या गावात साप निघाला तर सरपंच बाजंवर चढतो. ह्यांना पुंगीवाला कुठं घावला?” मुद्दा बिनतोड होता.

पण तिचा खरा जीव अडकला होता एका काळ्या कामवाल्या बाईत. ती दिवसभर घर झाडायची, मांजराला बदडायची, आणि पडद्यावर दिसायची फक्त कमरेखाली. “लय राबती बिचारी. उंदराला तोंड हाय, हिला न्हाई!” म्हणत आत्या टीव्हीखाली वाकून वर बघायची, चेहरा दिसतो का म्हणून. तिच्या नादानं मीही एकदा आडवी पडून पाहिलं. छताचे पत्रे दिसले.

एका वर्षी संक्रांतीनंतर आमच्या घरी हळदीकुंकू होतं. ऊसतोडीला न गेलेल्या झाडून सगळ्या बायका आल्या. असल्या दिवशी आत्यानं आत बसून राहायचं, हे कुणी न सांगता ठरलेलं. आई करंडा घेऊन फिरत होती, तेवढ्यात आत्या दारात आली.

“वैनी, आत एक बाई हाय. तिला लावायचं राहिलं.”

आई लगबगीनं आत गेली, मागोमाग बायका. टीव्हीवर तीच कामवाली, हातात झाडू. आत्यानं सीडीवरचं चित्र थांबवून ठेवलं होतं.

“अवो ताई, ही तर कार्टूनातली...”

“घरात आलेल्या बाईला तसंच धाडायचं व्हय?”

शेजारच्या काकूंना वेगळीच शंका. “हिच्या कुकवाचा मालक हाय का पण?” त्यावर रीतसर चर्चा झाली. “मांजर ऐकत न्हाई, उंदीर ऐकत न्हाई, तरी घर सोडून जायना. म्हंजी मालक असणारच,” असा निकाल लागला. राहता राहिला कपाळाचा प्रश्न. आईनं उंचीचा अंदाज धरला आणि टीव्हीच्या वर, भिंतीला हळदीकुंकू लावलं. बायकांनी नमस्कार केला. एकीनं वाणही ठेवलं.

मग आत्या म्हणाली, “जिला तोंड न्हाई, तिला लावलंत. मला तर तोंड हाय, वैनी.”

आईनं करंड्यात बोट बुडवलं. तिनं आत्याच्या कपाळाला कुंकू लावलं. दोघीतिघी रागारागानं निघून गेल्या. वाण मात्र घेऊन गेल्या.

आत्या जाऊन आता वर्ष होत आलं. तिच्याइतकं हट्टी माणूस मी पाहिलं नाही, आणि तिच्याइतकी कुणाची मला आठवणही येत नाही. त्या हळदीकुंकवाच्या दिवशी तिनं तोंड धुतलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आईनं पाणी काढून ठेवलं तर म्हणाली, “राहू द्या. पुसून जाईल.”

आई म्हणाली, “धुवा की ताई. परत लावते मी.”