शुगर हाय

त्रिशला सिस्टरांच्या आधी त्यांचा आवाज वॉर्डात शिरायचा. "काय पावणं, पेशंट कोण हाय? तुमी का त्या?" कॉटवर टेकलेल्या नातेवाइकाला त्या असं विचारायच्या आणि तो बिचारा टुणकन उठायचा. मीही पहिल्या दिवशी अशीच उठले. माझ्या आईच्या पायाची जखम चिघळली होती म्हणून तिला कोल्हापुरातल्या त्या दवाखान्यात ठेवलं होतं. आई मूळची पेठ वडगावची, मधुमेहाची जुनी पेशंट आणि तोंडाने महाफटकळ. सिस्टर सीमेकडच्या शेतकरी जैन घरातल्या. दोघींचं लगेच जमलं. आईला त्या आक्का म्हणू लागल्या.

दवाखान्याने तेव्हा नुकतेच वॉर्डावॉर्डात मोबाईल दिले होते. सिस्टरांनी पेशंटजवळ उभं राहून नुसतं बोलायचं. मोबाईल ते टाइप करायचा आणि डॉक्टर असतील त्या मजल्यावर त्यांना दिसायचं. औषधं काय द्यायची तेही मोबाईलवरच यायचं. सिस्टर त्याच्यावर बेहद्द खूष! तो बहिरा असल्यासारख्या त्याच्याशी ओरडून बोलायच्या. "आधी एका सहीसाठी जिनं चढत बसायचो ओ. गुडघं गेलं माझं. आता त्यो वेळ आक्कासंगं भांडायला मिळतोय," म्हणायच्या. आणि खरंच, त्या वाचलेल्या वेळात त्या आईची वेणी घालून द्यायच्या.

एका दुपारी त्यांनी भराभर सगळ्या कॉटांचं सांगून टाकलं. आईपाशी येऊन म्हणाल्या, "सहा नंबर, शुगर हाय. जेवान न्हाय." म्हणजे बाई मधुमेहाची आहे, जेवलेली नाही, जरा जपा. मोबाईलने इमानाने तसंच टाइप केलं. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर नवे, नागपूरकडचे. त्यांनी तो 'हाय' इंग्रजीतला धरला. त्यांना वाटलं, साखर वाढली आणि जेवण आता होईलच. आदल्या दिवशी ती वाढलेलीच होती, त्यामुळे त्यांना शंका आली नाही. त्यांनी इन्सुलिन वाढवून दिलं. मोबाईलवर हिरवी खूण उमटली आणि हातात दहा कामं असलेल्या सिस्टरांनी सुई टोचली. उपाशीपोटी आईची साखर धाडकन उतरली. मी शाळेत शिकवून तिथे पोचले तेव्हा आई घामाने निथळत होती, मला ओळखत नव्हती. सिस्टर शिरेतून ग्लुकोज देत होत्या आणि तिच्या गालावर चापट्या मारत होत्या. "आक्का, ए आक्का, बोल की गं!"

आई वाचली. काय झालं ते आम्हाला कुणी सांगितलंही नसतं. सिस्टरांनीच सांगितलं, सगळ्या वॉर्डासमोर. डॉक्टर कळवळून म्हणाले, चूक माझीही आहे, मी साखरेचा आकडा विचारायला हवा होता. दवाखान्याने नियमच केला की मोबाईलवर आकडा घातल्याशिवाय इन्सुलिन मिळणार नाही. पण सिस्टरांना काही पटेना. "मशीनला मीच सांगितलं आन् मशीनचं मीच ऐकलं. जेवली न्हाय हे मला ठावं हुतं की," एवढंच म्हणत राहिल्या. आई खेकसली, "मेलो का मी? मग रडतीस कशाला भवाने?"

आई घरी आल्यावर त्या दर रविवारी उचगावला आमच्याकडे येऊ लागल्या. आईची साखर बघायच्या, आकडा दोनदा वाचायच्या. सुई मात्र माझ्या हातात द्यायच्या. मग एकदा चहा पिता पिता हळूच म्हणाल्या, "बाई, तुमी शाळेत मराठी शिकवता. मला त्ये 'आहे' शिकवा की."

अहो, मी आयुष्यभर पोरांच्या वह्यांतले 'हाय' आणि 'न्हाय' लाल शाईने खोडत आले. या बाईला शिकवताना मात्र जिवावर आलं. ती शिकली, पट्कन शिकली. दारात येऊन "आक्का आहेत का?" असं दबक्या आवाजात विचारू लागली. अपराध्यासारखं मलाच झालं. काय सोन्यासारखी खणखणीत बाई, आणि मी तिची जीभ इस्त्री करून दिली!

आईने शेवटी बंड पुकारलं. ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "ही कोण पुण्याची पावणी आणलीस गं? माझ्या त्रिशलाला बोलीव. तिच्या हातनं सुई घेतल्याबिगार मी जेवणार न्हाय." मधुमेहाचं माणूस उपाशी बसलं म्हटल्यावर सिस्टरांचं काही चालेना. त्यांनी साखर बघितली, आकडा वाचला, पुन्हा वाचला. सुई भरली आणि सवयीने माझ्यापुढे धरली. "टोच की!" आई ओरडली. त्यांनी टोचली आणि आई वरणभात संपवेपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत बसल्या.

पुढे त्या निवृत्त झाल्या, लेकीकडे आजऱ्याला गेल्या. सुई पुन्हा माझ्याकडे आली. गेल्या थंडीत आई झोपेतच गेली. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. मी आजऱ्याला फोन लावला. ऐकून सिस्टरांनी त्याच दबक्या आवाजात विचारलं, "बाई, शुगर किती होती?"

साखर बघायचं मशीन त्या दिवशी कपाटातून निघालंच नव्हतं.

"बघितली होती सिस्टर," मी म्हणाले. "अगदी बरोबर होती."

"आकडा?"

मी एक आकडा सांगितला. तेव्हा कुठे त्यांनी हंबरडा फोडला.